बावीस मिनिटं

"मैं तो मर गया, जनाब," असं म्हणून आमच्या गाईडने मोबाईलवरचं घड्याळ थांबवलं आणि फोन खिशात टाकला. बावीस मिनिटं झाली होती. मी मांडीभर बर्फात वाकलेली, हातात घडीचं फावडं, बाहेर उणे सात आणि मला मात्र पाठीवरून घामाच्या धारा, आणि समोरच्या खड्ड्यात एक निळी सॅक. ती सॅक म्हणजे तो. म्हणजे खेळापुरता तो. हिमस्खलन झालंय, गाईड गाडला गेलाय, आता शोधा, असा तो खेळ होता आणि त्यात शोधायची पाळी माझी होती. सगळे हसले, मीही हसले, तो तर सगळ्यात जास्त हसला आणि थर्मासमधला कावा, म्हणजे काश्मिरी चहा, पहिला मलाच दिला, जणू त्याच्या तेराव्याचंच जेवण वाढत होता. विषय तिथे संपायला हवा होता. पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, विद्यापीठ चौकात ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर, कुठेही उगवतं. मैं तो मर गया, जनाब.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. तो लहानथोर सगळ्यांना जनाब म्हणायचा म्हणून आम्ही त्यालाच जनाब म्हणायला लागलो, तेच इथेही चालू ठेवते. गुलमर्ग, फेब्रुवारी २०२४. त्या वर्षीचा जानेवारी आठवत असेल तर बघा, गुलमर्गचे तपकिरी गवताळ फोटो सगळीकडे फिरत होते, चिल्लई कलानचे, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे, चाळीस दिवस जवळपास कोरडे गेले होते आणि अर्ध्या लोकांनी बुकिंग कॅन्सल केलं होतं. आमचं विमानाचं तिकीट नॉन-रिफंडेबल होतं, इतकंच आमचं धाडस. मग महिन्याच्या शेवटाला बर्फ आला आणि आम्ही पोचलो तोवर टंगमर्गच्या पुढे गाड्यांच्या चाकांना साखळ्या चढल्या होत्या. जनाबचा फोन आधी तीनदा आला होता, "आ रहे हो ना?" आणि प्रत्येक वेळी मी त्याच्याशी पैशावरून घासाघीस केली होती. सीझन खराब गेलाय, म्हणजे कमी करेल, असं माझं मंडईतलं डोकं. दिवसाला पाचशे रुपये कमी करून घेतले आणि फोन ठेवल्यावर मैत्रिणीला विजयी मुद्रेने सांगितलंही. ते पाचशे रुपये आता कुठे ठेवू असं झालंय.

मी काही फार भारी स्कीअर वगैरे नाही. नवरा ऑनसाईट होता तेव्हा दोन हिवाळे म्युनिकला काढले, तिथे शनिवारी सकाळी ट्रेनने गार्मिशला जायचं, चार-चार वर्षांची पोरं आपल्या बाजूने सुळकन निघून जाताना बघायची आणि आपण पिझ्झाच्या तुकड्यासारखे पाय फाकवून ब्रेक मारत खाली यायचं, असं करत करत शिकले. ते सगळं पिस्टवर. पिस्ट म्हणजे रात्रभर मशीन फिरवून कॉर्डुरॉयच्या पँटसारखा रेघारेघांचा केलेला उतार, कडेला खांब, नकाशावर निळा-लाल-काळा रंग, पडलात तर पट्रोलवाले, म्हणजे बचाव पथकातले लोक, येऊन स्ट्रेचरवर घेऊन जातात. ऑफ-पिस्ट म्हणजे ते खांब संपले की पुढचं सगळं. गुलमर्गला गंमत अशी की पिस्ट नावाला आहे आणि त्याच्या पलीकडे अख्खा अफरवटचा डोंगर आहे. श्रीनगरहून पन्नासेक किलोमीटर, सकाळी दल लेकच्या काठावर चहा पिऊन निघालेला माणूस दुपारी गोंडोलातून, म्हणजे रोपवेच्या पाळण्यातून, चार हजार मीटरच्या आसपास उतरतो, दोन टप्प्यांत, मध्ये कोंगडोरीचं स्टेशन. वर स्वच्छ दिवशी नंगा पर्वत दिसतो, लष्कराची हालचाल दिसते कारण एलओसी जवळच आहे, आणि पर्यटक मंडळी भाड्याच्या गमबुटात फोटो काढून त्याच पाळण्याने खाली येतात. आपल्याकडची गर्दी तर विचारू नका, "अगं इथे मॅगी मिळते का बघ" हे वाक्य चार हजार मीटरवर अस्सल मराठीत ऐकलं. आणि त्याच गर्दीतून दहा पावलं डावीकडे गेलं की एक दोरी, दोरीपलीकडे कुणाचंच काही नाही.

त्या दोरीपलीकडे न्यायला गाईड लागतो. मी तो हॉटेलची रूम घ्यावी तसा घेतला होता. पैसे दिले, आता सुरक्षिततेचं तो बघेल. आम्ही पाच जण, मी, बेंगळुरूला असणारी माझी नाशिकची मैत्रीण जी स्नोबोर्ड करते, एक ऑस्ट्रेलियन जोडपं आणि जनाब. पहिल्या सकाळी आम्हाला वाटलं थेट वर. तर त्याने आम्हाला गोंडोलाच्या रांगेकडे पाठ करून खालच्या मोकळ्या मैदानावर नेलं, जिथे स्लेजवाले पर्यटकांना ओढत असतात. प्रत्येकाच्या छातीला बीकन बांधला, जॅकेटच्या आत, पट्टा घट्ट. हा डबीएवढा यंत्राचा तुकडा सतत सिग्नल सोडत असतो, जगातले सगळे बीकन एकाच फ्रिक्वेन्सीवर, ४५७ किलोहर्ट्झ, म्हणजे पोलंडच्या माणसाचा बीकन नाशिकच्या बाईला ऐकू येतो. कुणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापला बीकन शोधण्यावर टाकायचा, मग तो आकडे दाखवतो, चाळीस, पस्तीस, एकवीस, आणि तुम्ही त्या आकड्यांमागे आंधळ्या कोशिंबिरीसारखे फिरता. आकडा सगळ्यात लहान झाला की प्रोब, म्हणजे जोडून लांब होणारी काठी, भसाभस खुपसायची, मऊ काहीतरी लागलं की तिथेच ठेवायची आणि खणायचं. ऐकायला सोपं आहे. मला बारा मिनिटं आकड्यातच गेली कारण मी घाईघाईत वेड्यासारखी पळत होते आणि बाण फिरला की मी उलट दिशेला, मग तीन मिनिटं काठी खुपसण्यात, आणि सात मिनिटं खणण्यात, तेही सरळ खाली विहिरीसारखं खणत होते, उताराच्या बाजूने आडवं खणायचं असतं हे त्याने सांगितलेलं असूनही.

पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढलं तर दहातले नऊ जगतात. अर्धा तास उलटला की तीन-चार.

हे त्याने बोटांवर दाखवलं होतं, आधी नऊ बोटं मग तीन. नंतर मी नेटवर बघितलं तर जगभर साधारण हेच शिकवतात. आणि अर्थ त्याचा इतकाच की हेलिकॉप्टर, लष्कर, पोलीस, पट्रोल, कुणीही यायच्या आत जे काय व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. तुमच्या बाजूला जी चार माणसं उभी आहेत तीच तुमचं हॉस्पिटल आणि तीच तुमचं फायर ब्रिगेड. मला हे कळलं होतं, पण माझ्या बाजूने कळलं होतं. मी गाडले गेले तर हा मला शोधेल, बास. दुसऱ्या बाजूचा हिशेब त्या निळ्या सॅकपर्यंत माझ्या डोक्यातच नव्हता.

इथे मला उगाचच बेलपाडा आठवतो. उगाच कसलं, म्हणून तर लिहायला बसले. कॉलेजात असताना आम्ही नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केला होता, कोकणातल्या बेलपाड्याहून वर कोकणकड्याकडे, आठ जण, दोन दोर ज्यातला एक बहुतेक वाळत घालायच्या कपड्यांचा होता. वाट दाखवायला गावातले एक मामा घेतले होते. पन्नाशीचे, रबरी चपला, कमरेला कोयता, खांद्यावर आमच्यातल्या एकाची सॅक कारण तो पहिल्याच तासात ढेपाळला होता. अजून किती मामा, असं विचारलं की "हे काय, आलंच." नळीतल्या सुट्या दगडांवर ते असे चढत होते की जणू स्वतःच्या घराची पायरी. वर पोचलो तेव्हा चार-साडेचार वाजले असतील. आम्ही त्यांना ठरलेले तीनशे रुपये दिले, उरलेला चिवडा दिला, पाया पडलो, आणि मामा त्याच वाटेने एकटे खाली निघाले. आम्ही कड्यावर पोटावर झोपून मावळत्या उन्हाचे फोटो काढत बसलो. दुसऱ्या दिवशी पाचनईला उतरून एसटीने घरी.

मामा पोचले का, हे आमच्या आठ जणांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. वाटाड्याला वाट माहीत असते ना. आम्हाला वाटायचं ज्याला वाट माहीत आहे त्याच्यावर दगड पडत नाही. त्या संध्याकाळी नळीत त्यांचा पाय मुरगळला असता तर कोण येणार होतं? त्यांच्या गावाला वाटलं असतं मामा पोरांबरोबर वरच राहिले, आणि पोरांना वाटत होतं मामा घरी पोचले. ह्या मधल्या फटीत माणूस किती आरामात नाहीसा होऊ शकतो. वीस वर्षं झाली, हा विचार मला पहिल्यांदा गुलमर्गच्या मैदानात आला, हातात कावा घेऊन.

बरं, पुढे. दुसऱ्या दिवशी वर गेलो. फेज टूच्या स्टेशनातून बाहेर पडल्यावर जी थंडी नाकात शिरते ना, नाकातले केस कडक होतात, श्वास घेतला की आतून काचेचा ग्लास पुसल्यासारखं वाटतं. आकाश निळं म्हणजे अगदी पार्करच्या शाईचं. आमच्या समोर एक रुंद, सलग, कुणाचीही रेघ नसलेला उतार होता आणि मी म्हटलं, हाच. ह्याच्यासाठीच तर. जनाब काही बोलला नाही, आडवं जात जात आम्हाला त्याच बाजूच्या एका लहानशा उतारावर घेऊन गेला आणि फावडं काढून खणायला लागला. छातीएवढा खड्डा, आणि खड्ड्याची एक भिंत त्याने चाकूने कापल्यासारखी सरळ केली. मग हातमोजा काढून बोटाने वरून खाली एकेक थर दाबत आला. वरचा मऊ, त्याखालचा जरा घट्ट, आणि तळाशी एक थर असा की बोट लावलं की भुरभुर खाली सांडतोय. मूठभर माझ्या हातावर ठेवला. जाडा रवा. अगदी उपम्याचा, सुटासुटा, दाबला तरी गोळा होईना. जानेवारीत पडला तेवढा थोडासा बर्फ कोरड्या कडाक्याच्या रात्रींमध्ये असा रव्यासारखा होऊन बसला होता आणि फेब्रुवारीचं सगळं ओझं त्याच्या डोक्यावर येऊन पडलं होतं. ताटलीत रवा पसरून त्याच्यावर वडी थापली आणि ताटली तिरकी केली तर काय होईल, तेच.

मग त्याने भिंतीतून चौकोनी खांब कापून मोकळा केला, वर फावडं ठेवलं आणि त्यावर हाताने थापट्या मारायला लागला. आधी दहा नुसत्या मनगटातून, हळू. काही नाही. मग कोपरातून. एक, दोन, आणि तिसऱ्या थापटीला वरचा अख्खा ठोकळा त्या रव्यावरून सुळकन माझ्या पायाशी येऊन पडला. इतका सफाईदार की कौतुक वाटलं. खांद्यातून मारायच्या दहा अजून बाकी होत्या. "वो वाला आज नहीं," तो माझ्या त्या सुंदर उताराकडे बघत म्हणाला, आणि मला, खरं सांगते, राग आला. एवढं सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघूनही आला. पुण्याहून एवढे पैसे खर्चून आलोय, ऊन आहे, वारा नाही, आणि पलीकडे लांबवर दोन ठिपके, कुठलेतरी परदेशी, त्याच प्रकारच्या उतारावरून मस्त रेघा मारत खाली चालले होते आणि त्यांना काहीही होत नव्हतं. "वो तो जा रहे हैं," मी म्हटलं. लहान मुलं म्हणतात तसं. तो म्हणाला, "उनके साथ मैं नहीं हूँ ना." मी तेव्हा ह्याचा अर्थ घेतला की त्यांची जबाबदारी माझी नाही. आता वाटतं की शब्दशःच घ्यायला हवा होता.

त्याने निवडलेला उतार कमी तिरका होता. तीस अंशांच्या आत असलं की घसरण्याची शक्यता बरीच कमी होते, तीस ते पंचेचाळीस हा सगळ्यात वाईट पट्टा, आणि नेमका तोच स्कीइंगला सगळ्यात छान, निसर्गाला विनोदबुद्धी आहे ती अशी. तिथे जायला जवळपास सपाटीवरून लांब आडवं जायचं होतं, आम्ही काठ्या मारत निघालो आणि आमच्या नाशिककर बाईंचा बोर्ड सपाटीवर रुतला, मग एक पाय मोकळा करून किक मारत, शिव्या देत, पंचवटीतल्या रिक्षावाल्यांनाही लाजवेल अशा शिव्या, ती मागून येत राहिली. कड्याच्या टोकाला आल्यावर जनाब थांबला. एका वेळी एकच जण जाणार, बाकीचे इथे ह्या दगडापाशी, नजर जाणाऱ्यावर. मी आपली मान डोलावत होते, मला वाटलं आधी आमच्यातलं कुणीतरी. तर तो म्हणाला, पहले मैं. आणि मग जरा थांबून, माझ्याकडे बघून, दोन बोटं आधी स्वतःच्या डोळ्यांकडे आणि मग उताराकडे दाखवून, "जहाँ आख़िरी बार दिखूँ, वो जगह याद रखना, जनाब."

आणि गेला.

चाळीस सेकंद असतील, पन्नास. मी कधी कुणाकडे इतकं टक लावून बघितलं नाहीये. लग्नात नवऱ्याकडेही नाही. तो लाल जॅकेटचा ठिपका डावीकडे, उजवीकडे, मागे बर्फाचा पांढरा धूर, त्या वाकड्या फरच्या झाडापाशी, आता त्या दगडाच्या खाली, आता उंचवट्यामागे गेला, दिसत नाही, दिसत नाही, दिसला. माझा हात आपोआप छातीवर गेला होता, जॅकेटवरून बीकन चाचपत, जसा रेल्वेत बायकांचा हात मंगळसूत्रावर जातो तसा. बावीस मिनिटं, बावीस मिनिटं एवढंच डोक्यात. खाली हा जो माणूस चाललाय तो आमच्या पायाखालचा उतार आधी स्वतःच्या वजनाने तपासतोय आणि त्याच्यामागे इन्शुरन्स म्हणून वर कोण उभंय, तर मी. दिवसाला पाचशे रुपये कमी करून घेतलेली, सरळ विहीर खणणारी. खालून त्याने काठी आडवी धरून डोक्यावर नेली, म्हणजे ठीक, या. मग कळलं की मी श्वास धरून ठेवला होता.

माझी पाळी आली तेव्हाचं काय सांगू. भीती होतीच, पण वळण घेतलं आणि पायाखाली आवाजच नाही. पिस्टवर कायम खरखर असते, इथे काहीच नाही, नुसता हलकासा श्श, बर्फ छातीपर्यंत उडून तोंडात शिरतोय, त्याला चव नसते पण वास असतो, पाटीवरचा ओला खडू असतो ना तसा काहीतरी. मांड्या जळत होत्या. मी तीनदा पडले, एकदा तर पूर्ण डोकं आत, आणि त्या दोन सेकंदात तोंडावर, नाकावर, कानात सगळीकडे पांढरं दाबून बसलं तेव्हा जे वाटलं ते लिहिणार नाही. उठले आणि परत हसत सुटले. भीती आणि मजा इतकी एकमेकींत कालवलेली की वेगळी काढता येईना. खालच्या जंगलात झाडांमधून वाट काढत बाबारेशीच्या बाजूला उतरलो, रस्त्याला लागलो, आणि एका टपरीत गुलाबी खारट नून चहा आणि गिर्दा रोटी. माझ्या पायांना कंप सुटलेला, कुणीतरी अंगातल्या फेरनमधून, म्हणजे काश्मिरी झग्यातून, निखाऱ्यांची कांगडी काढून पुढे सरकवली.

जनाब तेव्हा जरा मोकळा बोलला. सीझन दोन-अडीच महिन्यांचा, त्यातला एक ह्या वर्षी तसाच गेला. लहानपणी लाकडी फळ्या पायाला बांधून शिकला. मी विचारलं, घरी काळजी करत असतील ना, बायको काय म्हणते? तो म्हणाला की ती कुठे जातोय वगैरे कधीच विचारत नाही, रोज सकाळी निघताना एकच विचारते, मेहमान कैसे हैं. आम्ही सगळे हसलो, मैत्रिणीने लगेच, "आणि आमच्याबद्दल काय सांगितलं?" मला वाटलं टीपबद्दल विचारत असणार, म्हणजे पाहुणे दिलदार आहेत की चिक्कू. मनातल्या मनात ते पाचशे टोचलेही. त्याने चहा ढवळला आणि म्हणाला, "कहा कि सीख रहे हैं."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःहून म्हटलं, सॅक परत पुरा. साडेअकरा मिनिटं. त्याने खांद्यावर थाप मारली, "आज तो ज़ख़्मी हूँ."

मी पुण्याला परत आले, कपडे धुवायला टाकले, ऑफिस सुरू झालं. २२ फेब्रुवारीला दुपारी मीटिंगमध्ये मैत्रिणीने बातमी पाठवली. अफरवटच्या उतारावर हिमस्खलन, परदेशी स्कीअर गाडले गेले, खाली गुलमर्गला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा चालू होत्या त्याच दिवसात. एक रशियन गेला, बाकीच्यांना काढलं. आदल्या वर्षीही असंच, १ फेब्रुवारी २०२३, अफरवटच्याच हापतखुडला, दोन पोलिश गेले. त्या बातम्या मी जाण्याआधी वाचल्या होत्या की, वाचूनच गेले होते, आणि तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त माझ्यासारखे लोक आले होते, पासपोर्टवाले. ह्या वेळी मी बातमीत गाईड हा शब्द शोधत होते. मीटिंगमध्ये कुणीतरी माझं नाव घेत होतं, मी म्यूटवरच. जनाबला मेसेज केला. एक टिक. एक टिक. संध्याकाळी भाजी चिरताना बघितलं तरी एक टिक. कोथिंबीर इतकी बारीक चिरली की तिची चटणी झाली. रात्री पावणेदहाला दोन टिक, मग निळ्या, मग "हम ठीक हैं जनाब, नेटवर्क नहीं था", आणि त्याच्या खाली लगेच, "प्रैक्टिस?"

तर एप्रिलमध्ये एक जुनी बीकनची जोडी विकत घेतली. नवऱ्याला किंमत सांगितलेली नाही. रविवारी सकाळी भाच्याला घेऊन वेताळ टेकडीवर जाते, तो एक बीकन चिवड्याच्या डब्यात घालून घाणेरीच्या झुडपात लपवून येतो, मी दुसरा हातात धरून आकड्यांमागे फिरते. फिरायला येणारे काका लोक थांबतात, "काय हरवलं का?" परवा एकांनी मला चक्क पाण्याचा शोध घेणारी समजून त्यांच्या मुळशीच्या प्लॉटवर बोअर कुठे मारू म्हणून विचारलं. मागच्या रविवारी चार मिनिटं दहा सेकंद झाली. भाचा घड्याळ धरून उभा होता, मी डबा उघडून दाखवला, कपाळावरचा घाम पुसला, आणि तो म्हणाला, "पण आत्या, तू खणलं कुठे?"

खाली नुसता मुरूम. पुढच्या रविवारी कुदळ न्यावी का, ह्याचा विचार चालू आहे.